तांबड्या व्हॉल्व्हचा कोप

बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीत माणसं, जिन्यात माणसं, आणि सगळ्यांच्या नजरा एका जुन्या गिटार-अ‍ॅम्प्लिफायरच्या उघड्या पाठीवर. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दोन व्हॉल्व्ह उजळले होते. घरच्या पोरीने गिटारची तार छेडली की काचेतला निळा प्रकाश थरथरायचा आणि गर्दी हात जोडायची. दर्शन झालं म्हणत शेजारीण तर डोळेच पुसत होती.

मावशी दारातच थबकली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि असला भोंदूपणा दिसला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण समोर तिची थोरली बहीण बसली होती, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच जरा हसऱ्या चेहऱ्याने. मावशीने जीभ आवरली.

अ‍ॅम्प भावजींचा. ते गेल्यावर त्यांची लेक त्यावर वाजवू लागली आणि कुठूनसे हे नादमहाराज उगवले. त्यांचं शास्त्र अगदी सुटसुटीत: निळा उजेड म्हणजे गेलेला जीव प्रसन्न, तांबडा म्हणजे कोपलेला. थोडा वेळ गेला की व्हॉल्व्हमधला पत्रा निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. महाराज सगळ्यांना डोळे मिटून मौन पाळायला सांगायचे, अ‍ॅम्पवरून हात फिरवायचे आणि लाली ओसरायची. कोपाचं कारणही त्यांनी शोधून ठेवलं होतं. लेकीचा हात! तिने गिटारला पुन्हा शिवायचं नाही, गिटार आज आश्रमात जाणार. आश्रमात गिटारचं काय करणार, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मावशीने रडवेल्या भाचीला स्वयंपाकघरात ओढलं. हे लाल प्रकरण कधीपासूनचं? जुने व्हॉल्व्ह थकले म्हणून नवे बसवले तेव्हापासून, भाची म्हणाली.

"बसवल्यावर काही जुळवलंस का?"

"त्यात काय जुळवायचं? बल्बसारखा एक काढला, दुसरा लावला."

मावशी तडक शाळेत गेली आणि प्रयोगशाळेतला वीज मोजायचा मीटर घेऊन आली. तोवर अ‍ॅम्प बंद झाला होता आणि गिटार पेटीत जाऊन दाराशी उभी होती. मावशीने आवाजात होता नव्हता तेवढा गोडवा आणला. जाता जाता एकदा नुसतं दर्शन घडवा, म्हणाली, सगळे हात मांडीवर ठेवून बसू. अ‍ॅम्प सुरू झाला. कुणी हूं की चूं केलं नाही, तरी पत्रा लालेलाल.

"वाजवणारं कुणी नाही," मावशी म्हणाली, "मग भावजी कुणावर रागावले?"

नास्तिकांवर, असं सांगत महाराजांचा हात पुढे सरकला. मावशीने अ‍ॅम्पवरच्या छोट्या बटणावर आपला तळवा ठेवून दिला.

"ह्याला हात न लावता शांत करा, महाराज."

महाराजांनी घसा फाडून मंत्र म्हटले. लाली वाढली, त्यांना घाम फुटला. शेवटी मावशीनेच बटण दाबलं. व्हॉल्व्हला जाणारी वीज तुटली, पत्रा निवला, आणि हात फिरवण्याची विद्या खोलीभर सगळ्यांना आली. तेवढ्यात महाराजांनी काढता पाय घेतला.

मग मावशीने अ‍ॅम्पच्या पाठीवरच्या मोजणीच्या भोकांत मीटरच्या तारा घातल्या आणि अ‍ॅम्प पुन्हा लावला. कुणी वाजवत नसतानाही व्हॉल्व्हमधून थोडी वीज वाहते. ती किती वाहू द्यायची हे ठरवतात, त्याला बायस म्हणतात. प्रत्येक नव्या व्हॉल्व्हला ते नव्याने जुळवावं लागतं. नाहीतर नळ जास्त उघडा राहावा तशी वीज वाहते आणि पत्रा तापून लाल होतो. बोलता बोलता तिने शेजारचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवला. सगळे वाट बघत बसले. पत्रा काळा तो काळाच राहिला.

"आणि निळा?" थोरलीने विचारलं. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

खोटं बोलणं सोपं होतं.

"ताई, विजेचे कण काचेवर आदळतात, म्हणून निळं दिसतं. भावजी त्यात नाहीत."

थोरली पदरात तोंड लपवून रडली. मावशी लोकांकडे वळली. नवल जरूर वाटू द्या, ती म्हणाली, पण हात जोडण्याआधी एवढं विचारा, की हे कधीपासून सुरू झालं, आणि कुणी हात लावला नाही तर काय होतं.

थोरली उठली. दाराशी जाऊन तिने पेटी उघडली आणि गिटार लेकीच्या हातात दिली.

"तापल्या पत्र्याचं ऐकून तुला गप्प बसवायला निघाले होते मी," ती म्हणाली. "वाजव. मी ऐकतेय."