पुसणं

झुंबरबाईची गर्भपिशवी काढली त्या दिवशी तिचा नवरा उखर्डू धुळ्याच्या दवाखान्यात जेमतेम दुपारपर्यंत थांबला आणि शिरपूरची एसटी धरून चालता झाला. त्याचा जीव अडकला होता बंदुकीत. रानडुकरं हाकलायला घेतलेली ती परवान्याची बंदूक निवडणुकीमुळे पोलीस ठाण्यात जमा होती. दमट खोली, शिपायांचे घामेजलेले हात. नुसतं बोट लागलं तरी पोलादाला गंज धरतो, असं त्याचं म्हणणं. बार काढा की काढू नका, आठवड्याला नळी साफ झालीच पाहिजे, आणि हवा दमट असली तर दिवसाआड. गंज चढल्यावर पुसून काय उपयोग, हे तो भेटेल त्याला सांगायचा. म्हणून दिवसाआड तेलाची बाटली घेऊन हा बाबा ठाण्यात हजर. साहेबांच्या हातापाया पडून बंदूक पुसून यायचा. दवाखान्याकडे मात्र फिरकला नाही.

लेक रत्ना उशाशी होती. पण संध्याकाळी इतर बायकांचे नवरे डबे घेऊन यायचे, तेव्हा झुंबरबाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुणी विचारलं तर 'वावरात काम निघालं' म्हणून ती वेळ मारून न्यायची.

घरी जाताना मऊ सुती नेसा, नायलॉन टाक्यांना घासेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. रत्नाने बापाला फोन केला. पेटीतली हिरवी सुती साडी आणायची. ती झुंबरबाईच्या आईने दिलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी उखर्डू दारात दिसला आणि बाई दुखणं विसरून उठून बसली. डोक्यावर पदर सारखा केला. पिशवीतून निघाली चकचकीत नायलॉनची साडी.

"हिरवी कोठे शे?"

"ती फाडी. काल बंदूक ठानामाईन सुटनी. नळीले गंज धराले नको. नायलॉन तेल पेस नही, मऊ सुतीच लागस."

"नाना, तुमले काही वाटस का?" रत्ना कडाडली.

पोलादाला मऊ लागतं हे ज्याला कळतं, त्याला बायकोच्या टाक्यांचं कळू नये, याचा झुंबरबाईला भयंकर संताप आला. पण ती मुकाट्याने नायलॉन नेसली.

"बंदूक ठानामा जमा व्हती तं दिनआड जाईसन पुसी उनात," ती म्हणाली. "मी आठे जमा व्हती. मले कोनी पुसं?"

"तुले काय व्हनार व्हतं? डॉक्टर व्हतात ना."

रत्नाचा हात धरून ती स्टँडच्या रिक्षात बसली, रत्नाच्याच घरी दोंडाईचाला जायला. तेव्हा कुठे उखर्डू जवळ आला.

"घर कव्हा येशी?"

"गंज चढी गया का मंग या पुसाले."

त्याने सवयीने तोंड उघडलं. गंज चढल्यावर पुसून उपयोग नसतो, एवढंच त्याला ठाऊक होतं.