ग्रंथपालांचं वळण

टेलरबाईंचं पत्र आलं तेव्हा ग्रंथपालांनी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं. उत्तर मात्र दिलं नाही.

पत्रात अवघड असं काहीच नव्हतं. आगगाडी बंद पडून कैक वर्षं झाली होती, रूळसुद्धा कधीच उचलून नेले होते. आता ती रिकामी पट्टी रेल्वेने गावाला दिली होती आणि तिच्यावर सायकलींसाठी, चालणाऱ्यांसाठी, सगळ्यांचा मिळून एक रस्ता करायचा होता. आपली मागची खोली त्या जागेत येते, ती काढता येईल का, एवढंच विचारलं होतं. जमणार नसेल तर तसंही कळवा, आम्ही समजून घेऊ. खाली रस्ता समितीची चिटणीस म्हणून टेलरबाईंची सही होती.

खोली लाइनीच्या जागेत येते हे ग्रंथपालांना ठाऊक नव्हतं असं नाही. गाडी बंद झाल्यावर कडेची सगळीच घरं हळूहळू मागे सरकली होती. कुणी कोंबड्यांचं खुराडं टाकलं, कुणी कपडे वाळवायच्या दोऱ्या बांधल्या, एकाने तर चक्क न्हाणीघर उभं केलं. ग्रंथपालांनी पुस्तकांसाठी खोली बांधली. विटांच्या भिंती, वर पत्रा आणि लाइनीकडे उघडणारी एक खिडकी. शाळेच्या ग्रंथालयात जी पुस्तकं जीर्ण म्हणून बाद होत, ती ते रद्दीत जाऊ देत नसत. घरी आणून शिवत, खळ लावून नवे पुठ्ठे चढवत. बायको गेल्यावर तर त्यांचा दिवस त्या खोलीतच उगवायचा आणि तिथेच मावळायचा.

उत्तर लिहायला ते रोज बसत. 'खोली काढतो' असं लिहिलं की हात थांबे. 'काढणं जमणार नाही' असं लिहिलं की लाज वाटे. एका मसुद्यात आपण गयावया करतोय असं वाटे, तर दुसऱ्यात उपकार करतोय असं. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळलेल्या माणसाला स्वतःची दोन वाक्यं धड जुळवता येऊ नयेत, याचं त्यांना मनातल्या मनात फार वाईट वाटायचं. मसुदे उशीखाली जमत गेले. चादर बदलताना सूनबाईच्या हाताला ते लागले. "बाबा," ती म्हणाली, "हे टपालात टाकायचे असतात. उशीखाली ठेवून पोचत नाहीत."

तोवर काम सुरूही झालं होतं. रोज सकाळी बरीच मंडळी घमेली-फावडी घेऊन येत. रुळांखालची खडी सायकलीला सोसत नाही, म्हणून ती काढून मुरूम पसरत, रोलर फिरवत. खुराडं हललं, दोऱ्या सुटल्या, न्हाणीघरवाल्याने चार दिवस कुरकुर करून शेवटी स्वतःच हातोडा उचलला. फावड्यांचे आवाज जवळ जवळ येऊ लागले तसा ग्रंथपालांनी खिडकीचा पडदा ओढला आणि खिडकीकडे पाठ करून बसले. आता कुणीतरी दार वाजवणार, निदान भिंतीवर पहार तरी पडणार. भिंतीपलीकडे खडी ओतल्याचा आवाज कितीतरी दिवस येत राहिला. ग्रंथपाल हातातल्या पुस्तकाचं तेच पान वाचत राहिले.

पहार पडलीच नाही. आवाज पुढे निघून गेले तेव्हा त्यांनी पडदा सारला. टोकापासून सरळ आलेला रस्ता त्यांच्या भिंतीसमोर नाल्याकडे वळला होता, खोलीला वळसा घालून पुन्हा सरळ झाला होता. बाकी ठिकाणची उपसलेली सगळी खडी आणून, नाल्याचा काठ भरून, तेवढी जागा हातांनी तयार केली होती.

समितीचे अध्यक्ष म्हणजे चौकातले पंक्चरवाले. सूनबाईने त्यांना गाठून विचारलं तर ते म्हणाले, काकांचं उत्तर आलं नाही, म्हणजे त्यांचं मन होत नसणार, म्हणून वळवला रस्ता. त्यात काय एवढं. हे ऐकून ग्रंथपाल खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. कुणी आपल्यासाठी एवढं करावं असं आपण काय केलं होतं, हे त्यांना काही केल्या आठवेना. आभाराचं पत्र लिहायला घेतलं, आणि त्याचेही मसुदेच झाले.

रस्ता सुरू झाला तशी खिडकीला जाग आली. नुकत्याच शिकलेल्या बायका पडत-धडपडत, हसत जाऊ लागल्या. दूधवाला गाणं म्हणत जाई. "ग्रंथपालांच्या वळणावर घंटी वाजव रे," असं कुणीतरी कुणाला तरी ओरडून सांगे. ते ऐकून ग्रंथपाल कानकोंडे होत, आणि खरं सांगायचं तर आतल्या आत सुखावतही. त्यांचं नाव आजवर कशालाच कुणी दिलं नव्हतं.

दुपारी ते झोपत. महिनाभराने एका दुपारी वीज गेली, पत्रा तापला, झोप लागेना, म्हणून त्यांनी खिडकी उघडली. वळणाच्या अलीकडे टेलरबाई आपल्या तीनचाकीत बसून होत्या. लहानपणापासून त्यांच्या पायात बळ नव्हतं. हाताने पायडल फिरवायची ती तीनचाकी, मागे शिवलेल्या गणवेशांचा गठ्ठा. दुकान या टोकाला आणि माल द्यायची शाळा त्या टोकाला. पूर्वी त्यांना टेंपोत कुणीतरी उचलून बसवायचं आणि तिकडे उचलून उतरवायचं. या रस्त्याची गोष्ट पहिल्यांदा काढली ती त्यांनीच, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

आता त्या हातात एक सदरा घेऊन बटण लावत होत्या. बटण लागलं, दोरा तोडला, दुसरा सदरा घेतला. विसावा घेतायत असं ग्रंथपालांना आधी वाटलं. मग त्यांचं लक्ष रस्त्याकडे गेलं. वळणावर रस्ता नाल्याकडे कलता होता. दोन चाकांचं तिथे काही अडत नव्हतं, पण तीनचाकी एकटीने वळली असती तर कलंडली असती. बाई कुणीतरी यायची वाट बघत होत्या. आणि इथे रोज थांबावं लागणार हे धरून बटणांचं काम बरोबरच आणत होत्या.

ग्रंथपाल घरातल्या चपलांवरच बाहेर आले. त्यांनी नाल्याच्या बाजूने तीनचाकीला खांदा दिला. वळण पार झाल्यावर म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात, काका? बटणं होतात की माझी इथे."

"हा रस्ता तुमच्यासाठी होता."

"सगळ्यांसाठी होता." बाईंनी सुई सदऱ्याच्या कॉलरमध्ये खोचून ठेवली. "काहीजण म्हणाले, खोली पाडू. मीच म्हटलं राहू दे. मला जन्मभर लोकांनी उचलून इकडचं तिकडे ठेवलंय, मला सवय आहे. तुमच्या पुस्तकांना कुठे असणार?"

"मी काढतो खोली," ग्रंथपाल म्हणाले. "मी तेव्हाच लिहिणार होतो."

"मग लिहा ना," बाई हसून म्हणाल्या. "तोंडी नको, उद्या तुम्हालाच वाईट वाटेल. मी पत्र पाठवलं होतं, तुम्हीही पत्रच पाठवा. मी वाट बघते."

घरी येऊन त्यांनी सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, हे आधी बोलला असतात तर मागच्याच महिन्यात माळा रिकामा केला असता. या वेळी ग्रंथपालांनी कागद घेतलाच नाही. स्वतःवर त्यांचा तेवढा भरवसा नव्हता. आधी पुस्तकं हलवायला घेतली. माळ्यावर गेली, पलंगाखाली गेली, धान्याच्या डब्यांशेजारी गेली. "तुमची पुस्तकं आणि माझी डाळ, नांदू देत सुखाने," सूनबाई म्हणाली, आणि पदर खोचून स्वतः गठ्ठे उचलू लागली. शेवटचा गठ्ठा निघाल्यावर ग्रंथपाल रिकाम्या खोलीत उभे राहिले. केवढीशी होती. एवढ्याशा खोलीला न दुखवता वळसा घालायला माणसांनी घमेली वाहिली होती. त्यांनी भिंतीला एकदा हात लावला, आणि मग तिथेच जमिनीवर बसून पत्र लिहिलं.

'खोली रिकामी केली आहे. केव्हाही पाडावी आणि रस्ता सरळ करावा. आपण सर्वांनी तो माझ्यासाठी वळवलात, त्याचे आभार कसे मानावेत हे मला कळत नाही. उत्तराला उशीर झाला, तो त्यामुळेच.'

'त्यामुळेच' खोडून 'त्यामुळेही' करावं का, असं त्यांच्या मनात आलं; पहिला उशीर तर रस्ता वळायच्या आधीचाच होता. त्यांनी कागदाची घडी घातली.

टपालपेटी जुन्या स्टेशनाच्या दारात होती. ग्रंथपाल पहिल्यांदाच त्या रस्त्यावरून चालत निघाले. पायाखाली मुरूम छान दबला होता. पुढून-मागून सायकली येत, घंट्या वाजत, ओळखीचे लोक "काय काका, आज इकडे?" म्हणत पुढे जात. त्यांना उत्तर द्यायला ग्रंथपालांना प्रत्येक वेळी उशीर होई, पण त्यांनी प्रत्येकाला हात केला. पेटीपाशी आल्यावर त्यांनी पाकीट फटीत घातलं आणि धरून ठेवलं. पत्ता नीट लिहिलाय ना? तिकीट चिकटलंय ना? आणि ते 'त्यामुळेच'...

मागे एक बाई सायकल धरून उभी होती, तिच्या हातातही एक पाकीट होतं. बराच वेळ वाट बघून ती हळूच म्हणाली, "टाकताय ना, काका?"

"टाकतोय," ग्रंथपाल म्हणाले, आणि त्यांनी पाकीट सोडलं.