मटार सोलायला लावणारी थेरपी

अंजनाबाईंच्या मनात संशयाची पाल चुकचुकली ती मटारच्या एका सालीवरून. नातवाची, गुड्डूची पँट धुवायला घेतली, खिसा उलटा केला, तर आत मटारची वाळकी साल! तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? थंडीचे दिवस, भिलाईच्या बाजारात मटारचे ढीग लागलेले. पण अंजनाबाईंच्या घरात आठवडाभर मटार आलाच नव्हता. आणि शाळेखेरीज गुड्डू जात होता तो एकाच ठिकाणी, जुनवानीतल्या सीमा मॅडमकडे, थेरपी घ्यायला.

परवा त्याच्या नखांत कणीक वाळलेली होती. त्याच्या आधी एकदा पोरगा घरी आला तो बोटं भिजून सुरकुतलेली. कणीक, पाणी आणि आता मटार! जुनवानीत कॉलेजची पोरं खोल्या करून राहतात, तिथं घरोघरी जेवणाचे डबे चालतात, हे शेजारच्या रुक्मानं त्यांना कधीचंच सांगून ठेवलेलं. अंजनाबाईंनी ओली पँट तशीच बादलीत टाकली आणि पदराला हात पुसत रुक्माचं दार गाठलं.

“अवं रुक्मा, थेरपी-गिरपी काही नाही! ते बाई पोराईकडून डब्याचा सयपाक करून घेऊन राहिली. फी आपण द्या, अन् काम आपल्याच लेकरानं करा!”

“हे भगवान!” रुक्मा म्हणाली. तिला तेवढंच हवं होतं.

आता हा गुड्डू कोण, ते सांगायला हवं. शाळेतलं नाव अभिनव, इयत्ता दुसरी. बाप देवेंद्र रेल्वेत मालगाडी चालवतो, आई मीनल औषधाच्या दुकानात काम करते. पोरगा तल्लख. कुठलं इंजिन कोणतं, हे आवाजावरून सांगेल. पण हातांचं मात्र नावच काढू नका! बटण लावता येईना, चेन ओढता येईना, घास तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मा भात मांडीवर. शाळेत पोरं हसायला लागली, तसा त्यानं डबा उघडणंच सोडून दिलं. भरलेला डबा घरी यायचा आणि पोरगा सुकलेल्या तोंडाचा. एकदा तर भुकेनं मैदानात चक्कर येऊन पडला. तेव्हा डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, मुलगा आळशी नाही, हट्टीही नाही. त्याच्या बोटांत जोर कमी आहे आणि हातांची हालचाल जुळत नाही. ऑक्युपेशनल थेरपी सुरू करा, रोजची कामं स्वतःची स्वतः करायला तो शिकेल.

अंजनाबाईंना हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. गोळी नाही, सुई नाही, हा कसला इलाज? आणि जेवायचं कसं, हे परक्या बाईनं शिकवायचं? मग घरात आजी कशाला आहे? कॅम्प-१ वस्तीतल्या त्या घरात गुड्डूला घास भरवायचा मान आजीचा. कपडे आजी घालायची, बूट आजी बांधायची, आंघोळीनंतर भांगसुद्धा आजीच पाडायची. पोरानं हात पुढे केला रे केला, की “राहू दे बाप्पा, सांडशील” असं म्हणत त्या तो अलगद बाजूला सारायच्या. मायाच ती, दुसरं काय!

त्या संध्याकाळी मीनल आणि गुड्डू घरी आले. अंजनाबाई दाराआड उभ्या राहिल्या. चोरून ऐकायची त्यांना सवय नव्हती, पण संशय माणसाला काय काय करायला लावतो! आतून गुड्डूचा दबका आवाज आला.

“आजीले नको सांगू हं मम्मी.”

“नाही सांगत रे,” मीनल म्हणाली.

आपल्यापासून लपवतात! म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट आहे. त्या आत शिरल्या, तसे मायलेक गप्प झाले. गुड्डूनं तर चक्क भिंतीकडे तोंड फिरवलं.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी नवऱ्यापुढे तोंड उघडलंच. हरिभाऊ रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरकडचे, बोलायला कमी.

“रविवारी देवेंद्र घरी येते. त्याले सांगून मी हे थेरपी बंदच करतो.”

“कावून वं?” हरिभाऊंनी विचारलं. “डबा आता रिकामा येते न शाळेतून?”

“दुसरेच पोट्टे खाऊन टाकत असतीन! इथं तर अजूनबी माह्याच हातानं जेवते तो.”

हरिभाऊंनी ताटावरून मान वर केली. “अवं, नवीन ड्रायव्हर येते, तवा हँडल त्याच्याच हातात द्या लागते. जुन्यानं बाजूले बसून पाहाचं. धक्के बसतात गाडीले, बसू द्याचे. मीच हँडल धरून बसलो असतो, तर ते पोरं ड्रायव्हर झाले असते काय?”

“गाडीचं मले नका सांगू तुमी,” असं म्हणून अंजनाबाई उठल्याच. या घरात शेवटचा शब्द त्यांचा असायचा. थेरपी बंद व्हायला आता फक्त देवेंद्र येण्याचा अवकाश होता.

पण पुरावा नको? दुसऱ्या दिवशी मीनल गुड्डूला घेऊन निघाली आणि तिच्या मागोमाग अंजनाबाईंनी रिक्षा केली. जुनवानीत पत्ता विचारत विचारत त्या एका बैठ्या घरापुढे उतरल्या. मीनल बाहेर बाकावर बसली होती. सासूला पाहून ती गडबडून उठली, पण अंजनाबाई तिच्याकडे न बघताच खिडकीशी गेल्या.

आणि बघतात तर काय! जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर चार-पाच लेकरं. एक पोरगी ओला फडका पिळत होती. एक पोरगा परातीत कणीक तिंबत होता. आणि गुड्डू, त्यांचा गुड्डू, मटार सोलत होता!

तळपायाची आग मस्तकात गेली. दार ढकलून त्या आत शिरल्या.

“सापडलं चोर! बाई, किती घरचे डबे आहेत वं तुह्याकडे?”

सीमा मॅडम दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या, वयानं मीनलएवढ्याच. आधी त्यांना काही कळेना. कळलं तेव्हा हसू आलं, पण समोरचं वय बघून त्यांनी ते आवरलं.

“बसा मावशी. डबे-बिबे काही नाहीत. हे मटार मुलंच खातात, कच्चे. तुम्ही घरी मटार सोलता ना? कोणत्या बोटांनी?”

“ह्या दोन बोटांनी. त्यात काय?”

“बटण कोणत्या बोटांनी लावता?”

अंजनाबाईंनी आपल्या चिमटीकडे पाहिलं.

“तीच चिमूट आहे मावशी. मटार सोलून सोलून तिच्यात जोर येतो. कणीक मळून तळवा बळकट होतो. फडका पिळला की दोन्ही हात एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकतात. नुसतं बोट हलव म्हटलं तर मूल कंटाळतं, म्हणून घरातलीच कामं देते. गुड्डू आता शर्टाची बटणं लावतो. स्वतःच्या हातानं वरण-भात खातो.”

“खोटं!” अंजनाबाई कडाडल्या. “माह्या घरचं लेकरू मले ठाऊक नाही? गुड्डू, ये इकडे. लाव बरं बटण.” आणि त्यांनीच त्याच्या शर्टाचं मधलं बटण काढलं.

गुड्डूनं आजीकडे पाहिलं. मग मॅडमकडे. दोन्ही हात लोंबते सोडून तो पुटपुटला, “नाही येत.”

“पाहा!” अंजनाबाई विजयानं वळल्या. “पाहा, मीनल! लुटून राहिली हे बाई तुमाले!”

सीमा मॅडम गोंधळल्या. आत्ताच तर आल्या आल्या यानं स्वेटर काढून, घडी करून ठेवला होता! त्या गुडघ्यांवर बसल्या, गुड्डूच्या डोळ्यांत बघत. “बेटा, तुला तर येतं ना? मग नाही कशाला म्हणालास?”

गुड्डू आजीला ऐकू जाऊ नये म्हणून मॅडमच्या कानाशी लागला, पण बिचाऱ्याला हळू बोलता आलंच नाही.

“आजी रडते ना! मी एक बार घरी एकच घास हातानं खाल्ला, तर आजी बोलली, आता तुले माही गरज नाही उरली. अन् पदरानं डोळे पुसले. मी स्कूल में खातो. घरी नाही खात. मी खाल्लं तर आजी क्या करेगी फिर?”

फडका पिळणारी पोरगीसुद्धा हात थांबवून बघायला लागली.

अरेरे! सात वर्षांचं लेकरू आजीला सांभाळत होतं! येत असलेलं लपवत होतं, शाळेत पोटभर जेवून घरी लुळं होऊन बसत होतं, का? तर आजीला वाईट वाटू नये म्हणून! जिला अंजनाबाई चोर म्हणाल्या तिनं काहीच चोरलं नव्हतं. नातवाचे हात बांधून ठेवले होते ते त्यांच्याच मायेनं!

अंजनाबाई मटकन सतरंजीवर बसल्या. ते बोलणं त्यांना आठवत होतं; तो एक घास मात्र त्यांनी योगायोगच समजला होता. सहज बोलल्या होत्या, थोडं लाडानं, थोडं खरंच भरून आलं म्हणून. पोरानं ते मनात धरून ठेवलं असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“मीच बोलली होती वं तसं,” त्या मीनलकडे न बघता म्हणाल्या. “मले वाटे, भरवलं म्हणजे माया.”

“माया आहेच मावशी,” सीमा मॅडम म्हणाल्या. “पण मी आठवड्यातून थोडा वेळ शिकवणार, बाकी सगळा वेळ तो तुमच्यापाशी. तुम्ही हात दिलात तर माझं शिकवणं वाया जाईल. तुम्ही हात आवरलात तर मला पुढं काही शिकवायलाच उरणार नाही. खरी थेरपी तुमच्या घरात व्हायची आहे.”

मीनल आजवर सासूपुढे कधी मोठ्यानं बोलली नव्हती. तिचे डोळे वाहत होते. “मी कितीदा सांगणार होते आई. त्यानंच शपथ घातली होती.”

अंजनाबाईंनी नातवाला जवळ ओढलं. “मी नाही रडणार आता. अन् रडली, तरी तू जेवणं नाही सोडाचं. समजलं? लाव बटण.”

गुड्डूनं खाली मान घातली. बटण एकदा निसटलं. अंजनाबाईंचा हात पुढे गेला, आणि त्यांनी तो स्वतःच दुसऱ्या हातानं धरून ठेवला. बटण परत निसटलं. मग भोकात शिरलं.

“आलं न बाप्पा!” आजी ओरडली, आणि दिलेला शब्द तिथल्या तिथं मोडून ढसाढसा रडली.

देवेंद्र आला तेव्हा बंद करायचं काहीच उरलं नव्हतं. घरात जेवताना आता वरण सांडायचं, शर्ट दोनदा बदलावा लागायचा. गुड्डू घरीही मटार सोलताना दिसला, तशी रुक्मा दारातून डोकावून म्हणाली, “काय वं, एवढ्याशा लेकराले राबवून राहिली?” तेव्हा अंजनाबाईंनी तिला आत बसवलं, मटारची टोपली पुढ्यात ठेवली आणि चिमटीचा सगळा धडा पहिल्यापासून ऐकवला. रुक्माला पटलं की नाही कोण जाणे, पण मटार तिनं सोलले.

सोमवारी सकाळी शाळेची व्हॅन दारात उभी राहिली. गुड्डू पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला. गुड्डू घाबरला, नाडी सुटली. परत हॉर्न. आतली पोरं ओरडायला लागली. एरवी अशा वेळी अंजनाबाई धावत जाऊन दोन्ही नाड्या एका दमात बांधून मोकळ्या झाल्या असत्या. आज त्या धावल्या, पण फाटकाकडे. व्हॅनच्या पुढे जाऊन उभ्याच राहिल्या, दोन्ही हात कमरेवर.

“अम्मा, लेट हो रहा है!” व्हॅनवाला कळवळला.

“होने दो,” अंजनाबाई म्हणाल्या. “माहा नातू जोडे बांधून राहिला.”

मित्रहो, आपल्या घरातही असं एखादं लेकरू असेल, ज्याचे हात जरा उशिरा शिकतात. त्याला आळशी म्हणू नका, त्याच्यावर हसू नका, आणि मायेपोटी त्याचं काम हिसकावूनही घेऊ नका. जाणत्या माणसाची मदत घ्या. आणि त्याला वेळ लागत असेल, तर त्याच्यासाठी जगाला थोडं थांबवा.