कोट घातलेला टेबलफॅन

मी एक टेबलफॅन बोलतोय. सध्या माझ्या अंगात कोट आहे, गळ्यात टाय आहे आणि घरातले मला साहेब म्हणतात, पण जन्माने मी टेबलफॅनच.

कारखान्यात मला दोनच कामं शिकवली: पाती फिरवायची आणि मान या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वळवायची. एका शिंप्याने मला विकत घेतलं आणि शिवणयंत्राशेजारी ठेवलं. कापलेलं कापड उडालं की तो मला शिव्या घालायचा आणि घाम आला की माझ्याच समोर येऊन बसायचा. माणसांचं असंच असतं.

शिंप्याची थोरली मुलगी, घरात सगळे तिला ताई म्हणतात, कॉम्प्युटर शिकली. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला गेली तेव्हा उत्तरं तोंडपाठ होती. पण समोरच्या साहेबांनी नकारार्थी मान हलवली आणि तिची दातखीळ बसली. दुसऱ्या कंपनीतही तीच गत.

"बाबा, कोणी मान हलवली की माझं डोकंच रिकामं होतं," ती म्हणाली. "आता एकच कंपनी उरलीय. तीही गेली तर मी आपली बटणं लावत बसते."

मला फार वाईट वाटलं.

ताईच्या आत्याचं डोकं मात्र वकिली. ती म्हणाली, "दादा, पोरीला नकाराची सवय लावायला हवी. दिवसभर न थकता नाही म्हणणारं कोणीतरी पाहिजे."

सगळ्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं.

एका गिऱ्हाइकाने न नेलेला कोट त्यांनी माझ्या खांबाला चढवला, जाळीखाली टाय बांधला आणि मला खुर्चीत बसवलं. आत्या माझ्या मागे लपून जाड आवाजात प्रश्न विचारायची.

"डेटाबेसमध्ये प्रायमरी की कशाला लागते?"

"प्रत्येक नोंद वेगळी ओळखता यावी म्हणून, सर."

मी मान हलवायचो. ताई आधी अडखळायची, मग हळूहळू माझ्या नकाराला भीक घालेनाशी झाली. उलट उदाहरणं द्यायला लागली. "आमच्याकडे दोन बाळू आहेत, सर. नुसतं बाळू म्हटलं की दोघंही जेवायला येतात. दोघांना वेगळा नंबर दिला की गोंधळ मिटतो."

मलाही थोडी हवा चढली, खोटं कशाला बोलू? आजोबा माझ्यासमोर बनियनवर बसेनात. कितीही उकडलं तरी साहेबांचा वारा कसा घ्यायचा, म्हणून गॅलरीत जाऊन पुठ्ठ्याने वारा घेत. धाकटा बाळू तर खोलीत येताना दार वाजवायचा.

शेवटची मुलाखत घरूनच होती, लॅपटॉपवर. पडद्यावरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ताईने खणखणीत उत्तर दिलं आणि बाई हसून होकारार्थी मान हलवत म्हणाल्या, "छान."

झालं. ताईची दातखीळ बसली. होकाराची तयारी आमच्यापैकी कोणीच करून घेतली नव्हती.

आत्याने कपाळाला हात लावला. शिंपी मात्र गुडघ्यांवर रांगत आला, मला कोटासकट लॅपटॉपच्या मागे सरकवलं आणि बटण दाबलं. मी जीव तोडून मान हलवली. ताईची नजर माझ्यावर गेली, खांदे सैल झाले आणि जी सुटली ती थांबेचना. बाई हो हो करत राहिल्या, ती मात्र माझं नाही बघून बोलत राहिली.

नोकरी मिळाली. शिंपी रडला, आत्याने पेढ्यांआधी माझी जाळी पुसली. आता गल्लीतली बेकार पोरंही येऊन माझ्यासमोर बसतात, त्यामुळे कोट काही उतरत नाही. आजोबा अजून गॅलरीतच आहेत. कोणीतरी त्यांना आत बोलवा हो.

आणि ताईला तेवढं सांगा. ती रोज कामावर जाताना "येते, साहेब" म्हणते आणि माझी मान हलताना पाहून हसते. बाळ, मी तुला एकदाही नाही म्हटलेलं नाही. खोलीतल्या प्रत्येकाला थोडा थोडा वारा मिळावा, म्हणून माझी मान फिरते.