डिकीवरचे दोन ठिपके

मी नर्स आहे. पंचवीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन जखमा धुते, साफ करते, बांधते. तेव्हा गाडीवरचे मुगाच्या डाळीएवढे दोन गंजाचे ठिपके बघून मी हातपाय गाळीन, असं कुणाला वाटत असेल तर खुशाल वाटू दे.

पंचाईत एवढीच होती की गाडी माझी नव्हती. ती माझ्या थोरल्या नणंदेची, वन्संची. नोकरीसाठी वर्षभर दुसऱ्या गावी जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "शीक चालवायला. वर्षभर नीट सांभाळलीस तर गाडी तुझी. नाहीतर मी विकून मोकळी होईन." वन्सं बोलतात तसंच करतात, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत आहे. आणि मला ती गाडी हवी होती. अगदी मनापासून हवी होती. खांद्याला ड्रेसिंगची बॅग अडकवून दोन-दोन बस बदलत दिवसाला चार पेशंट होतात, गाडीने सात. टेकडीवरच्या आजोबांच्या पायाला तर दिवसाआड ड्रेसिंग लागतं, आणि तिथे बसच जात नाही. गाडी गेली तर त्यांच्याकडे जाणार कोण?

रविवारी वन्सं यायच्या होत्या. शनिवारी सकाळी मी डिकीच्या झाकणावरची 'एल'ची पाटी काढली. लोहचुंबकाची पाटी ती, नुसती ठेवली की चिकटते. लायसन्स मिळून तीन महिने झाले होते, तरी मी ती काढली नव्हती. पाटी दिसली की मागचे लोक चार हात लांब राहतात, हॉर्न मारत नाहीत. असलं सुख कोण सोडेल? आता त्या सुखाखाली वर्षभराचं पाणी आणि धूळ साठून दोन तांबूस ठिपके उठले होते.

"गॅरेजला दे," आमचे हे म्हणाले. हे शाळेत गणित शिकवतात. एरवी गाडीच्या जवळही फिरकत नाहीत. पाठ दुखते म्हणून सहा वर्षांपूर्वी चालवणं सोडलं ते सोडलंच. त्या दिवशी मात्र स्वतःहून पार्किंगमध्ये उतरून माझ्या डोक्यावर उभे.

"आज गॅरेजमध्ये रांग असते आणि उद्या ते बंद."

"मग राहू दे. ताईला सांगू, पाटीमुळे झालं."

"राहू दे? अहो, गंज राहू दिला की आत पसरतो. तुम्ही वर जा बघू, चहा टाका."

ते गेले नाहीत. पायरीवर बसून राहिले.

मी साबणाच्या पाण्याने झाकण धुतलं, कोरडं केलं, ठिपक्यांभोवती चिकटपट्टी लावली आणि पॉलिश पेपर घेतला. हार्डवेअरवाल्याने बजावलं होतं, "बाई, चमकता पत्रा दिसला की थांबायचं." हे मला सांगायला हवं होतं का? निरोगी भाग दिसेपर्यंत साफ करायचं, हेच तर मी आयुष्यभर करत आले. पहिला ठिपका पाच मिनिटांत निघाला. तांबडी भुकटी पडली, खाली लख्ख पत्रा. मीच मला शाबासकी दिली.

दुसऱ्या ठिपक्यापाशी पत्रा काही दिसेना. घासलं की करडी, खडूसारखी पूड पडायची. आणखी घासलं, आणखी पूड. कडेने वाढवत गेले तरी तेच. मला वाटलं, सडलंय सगळं, काढून टाकायला हवं.

"अगं, बस कर," हे म्हणाले.

"अर्धवट साफ केलेली जखम परत चिघळते."

मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक घातलं आणि जरा उचकटलं. खट्‌कन बशीएवढा तुकडा निघून माझ्या पायाशी पडला. खाली पत्रा होता, पण कसला! आत चेपलेला, हातोडीने कसाबसा ठोकलेला, गंजलेला. त्यावर जाड पुट्टी भरून वरून रंग मारलेला. त्या कोपऱ्यात पाटी नेहमी सुटायची, ती का, हे तेव्हा कळलं. पुट्टीला चुंबक चिकटणार कसं? नेमकं तिथूनच पाणी आत जात होतं.

"हे काय आहे?" मी मागे वळून न बघता विचारलं.

 पायरीवरून आवाज आला, "मी केलंय ते."

सहा वर्षांपूर्वी वन्सं आठवडाभर बाहेर होत्या. गाडी आमच्याकडे होती. यांनी मागे घेताना खांबावर घातली. दोन दिवसांत कुठल्याशा गॅरेजमधून बुजवून आणली आणि कुणाला चकार शब्द काढला नाही.

"आणि पाठ?"

"पाठ दुखतच नव्हती गं. एक बाई मुलाला कडेवर घेऊन मागून जात होती. मला दिसलीच नाही. ती हातभर पुढे गेली आणि मी खांबावर आदळलो. खांबाच्या जागी ती असती तर... त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला की घाम फुटायचा."

मला भडाभडा बोलायचं होतं. गाडी शिकवा म्हणून मी यांच्या किती विनवण्या केल्या होत्या! वर्गात पोरांनी गणिताची पायरी गाळली की हा माणूस मार्क कापतो, आणि इथे सहा वर्षं गाळून बसला होता. पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझा राग अर्ध्यावर आला. अर्धाच. उरलेला मी राखून ठेवला.

"ताईला पाटीचंच सांग," ते हळूच म्हणाले.

"आणि माझी गाडी जाऊ दे?"



मी कामाला लागले. खड्डा पार पत्र्यापर्यंत खरवडला. गंज मारायचं औषध लावलं, ते काळं पडेपर्यंत थांबले. नवी पुट्टी कालवून भरली, वाळवली, घासली. मग प्रायमर, मग रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येक हात सुकल्यावरच पुढचा. रंग अगदी त्याच नंबरचा आणला होता, तरी नवा तुकडा जुन्या उन्हं खाल्लेल्या रंगात उठून दिसत होता. दिसेना का! काम पक्कं झालं होतं, आता तिथे दहा वर्षं गंज फिरकणार नाही हे मी लिहून द्यायला तयार होते.

रविवारी दहा वाजता वन्सं आल्या. बॅग खाली ठेवायच्या आधी गाडीभोवती एक फेरी. डिकीपाशी थांबल्या.

"इथे काय झालं?"

"पाटीखाली दोन गंजाचे ठिपके पडले होते. पाटी मी काढली नाही, ही माझी चूक. ते साफ केले," मी म्हणाले.

"दोन ठिपक्यांना एवढा मोठा रंग?"

 माझं मी सांगितलं होतं. यांचं मी सांगणार नव्हते, आणि अंगावरही घेणार नव्हते. गाडी हातची गेली तरी चालेल, असं रात्रीच ठरवलं होतं. 

"ताई, तिथे खाली मी ठोकलं होतं," हे म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी. तू आठवडाभर बाहेर होतीस तेव्हा."

मला वाटलं, आता वन्सं फटकारणार. पण त्या पायरीवर बसल्या.

"त्याच आठवड्यात?" त्यांनी विचारलं. "मी आले तेव्हा मला रंग वेगळा वाटला होता. त्या आठवड्यात एक दिवस तुमच्याकडून गाडी माझ्या मैत्रिणीने नेली होती, घरसामान हलवायला. मी तिला विचारलं. ती म्हणाली, माझ्या हातून काही झालं नाही. मी तिला तोंडावर खोटारडी म्हणाले."

ती मैत्रीण आम्हाला चांगली ठाऊक होती. दर आठवड्याला यायची, मोठ्याने हसायची. मग यायची बंद झाली.

"मला माहीत नव्हतं गं," हे म्हणाले.

"ती का येत नाही, हे विचारलंस कधी?"

त्यांनी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं. असेल काहीतरी, असं म्हणून सोडून दिलं होतं. मला माझीच लाज वाटली.

वन्संनी हात पुढे केला. "किल्ली."

मी दिली. संपलं, असं वाटलं. त्या चालकाच्या बाजूला गेल्या, दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या.  मग परत आल्या, किल्ली माझ्या हातात कोंबली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

"तू चालव. तिच्याकडे जायचंय," त्या म्हणाल्या. मग भावाकडे बघून, "तूही बस मागे. तुझ्या तोंडाने सांगायचंस."

हे मागे बसले. मी आरसा नीट केला, गाडी सुरू केली, मागे दोनदा बघितलं आणि फाटकातून बाहेर काढली.

"ताई, तिने दारच उघडलं नाही तर?" मागून यांनी विचारलं.

"तर उद्या परत यायचं," वन्सं समोर बघत म्हणाल्या. "परवाही यायचं. गाडी आहे ना हिची."