पिवळ्यावर हिरवी कडी

आमच्या खाडीत प्रत्येक घराचा रंग ठरलेला आहे. भिंतींचा नव्हे, बोयांचा. शेवंडांचा सापळा तळाशी गेला की वर फक्त बोया तरंगतो, आणि सापळा कुणाचा ते त्याच्या रंगावरून कळतं. आम्हा पार्डींचा पिवळा, त्यावर हिरवी कडी. वडिलांच्या वेळेपासून. होडी विकून सात वर्षं झाली, पण हाताची सवय गेली नाही. फावडं, बर्फ काढायची ढकलगाडी, केकचा डबा, घराबाहेर जाणारी कुठलीही वस्तू असो, तिला आधी पिवळा रंग आणि मग हिरवी कडी. माझी बायको डॉर्कसही तसंच करायची. तिच्या पेनड्राइव्हलाही तिने तेच रंग दिले होते.

डॉर्कस फेब्रुवारीत गेली. त्याआधीचा सगळा हिवाळा ती मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यात आपलं बोलणं रेकॉर्ड करत बसायची. अकरा वेळा बसली. मी खोलीत गेलो की थांबायची. "हे तुझ्यासाठीच आहे, पण नंतर," म्हणायची. मग ते सगळं तिने पेनड्राइव्हवर काढून ठेवलं आणि पेनड्राइव्ह स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या खणात टाकला. उन्हाळा गेला. मी खण उघडायचो, कात्री घ्यायचो, खण बंद करायचो.

सप्टेंबरपासून लॅपटॉप रोज सांगू लागला की आता त्याला नव्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. मुलगी रोवेना दूर पश्चिमेला, अल्बर्टात असते. रविवारी ती लॅपटॉपवरच दिसते. म्हणून मी चर्चच्या हॉलमध्ये जायचं ठरवलं. तिथे शनिवारी सकाळी ऊना कीपिंग लोकांच्या जुन्या मशीनवर फुकटात लिनक्स ही नवी सिस्टम घालून देते. ऊना शाळेत शिकवायची, आता निवृत्त आहे. तिची अट एकच, पेनड्राइव्ह ज्याचा त्याने आणायचा. गुरुवारी मी दुकानातून नवा आणला, रंगवला आणि वाळायला खणात ठेवला. शनिवारी खणात हात घालून उचलला आणि खिशात टाकला. आपले रंग दिसले की आमच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

हॉलमध्ये सिरिल वोकी आधीच येऊन चहा पीत बसला होता. चाळीस वर्षं आम्ही एका होडीत होतो.

"आला बघा," तो म्हणाला. "पेनड्राइव्हला पण रंग? काय, पाण्यात सोडणार आहेस?"

"तुझ्यासारख्यांनी उचलून नेऊ नये म्हणून."

ऊनाने टोपण काढून बाजूला ठेवलं आणि पेनड्राइव्ह आपल्या मशीनला लावला. "स्किपर, यात काही आहे का?" आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला स्किपरच म्हणतात, होडी असो नसो.

"काही नाही. गुरुवारीच घेतला."

"मग यावर पूर्ण सिस्टम चढवते. आधीचं काही असेल तर पुसलं जाईल."

"चढव."

दहा मिनिटं लागली. मग तिने तो माझ्या लॅपटॉपला लावला, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि एक बटण दाबून धरलं. निळा पडदा आला. एकेक प्रश्न येऊ लागला. भाषा कुठली. कीबोर्ड कुठला. गाव कुठलं. ऊना म्हणाली, "तुमचं मशीन, उत्तरं तुम्हीच द्या."

मी एक्कावन्नाव्या वर्षी वाचायला शिकलो. सरकारने कॉडची मासेमारी बंद केली आणि आम्हा रिकाम्या माणसांना वर्गात बसवलं. तिथे अक्षरं कळली. वाचायला मात्र शिकवलं डॉर्कसने, रोज संध्याकाळी. तेव्हापासून मी समोर येईल ते मोठ्याने आणि शेवटपर्यंत वाचतो.

"या डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाईल," मी वाचलं. "ही क्रिया परत फिरवता येणार नाही. आपण पुढे जाऊ इच्छिता का."

"पाद्रीबाबा, प्रवचन संपलं की सांगा," सिरिल म्हणाला.

ऊनाने विचारलं, "लॅपटॉपवरचं सगळं काढून ठेवलंय ना?"

"डॉर्कसने ठेवलंय. तिच्या पेनड्राइव्हवर. घरी खणात आहे."

मी 'हो' दाबलं. पडद्यावर एक पट्टी आली आणि डावीकडून भरू लागली. चार टक्के. ऊना दुसऱ्या टेबलाकडे गेली. मी सहज ते टोपण उचललं आणि बोटांत फिरवत बसलो. त्याच्या कडेला खाचा होत्या. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. शेवटी शेवटी डॉर्कसची बोटं वळत नव्हती. ती टोपण दातांनी काढायची.

पट्टी नऊ टक्क्यांवर होती.

"ऊना," मी म्हणालो, "हे एकदा सुरू झालं की थांबवता येतं?"

"आता थांबवलं तर धड जुनं राहणार नाही, धड नवं होणार नाही. का हो?"

"नुसतं विचारलं."

सिरिलने मला चहा आणून दिला, डब्यातलं दूध घातलेला. मी प्यायलो. गरम होता एवढं कळलं. बंदराच्या धक्क्याला नव्या फळ्या बसवणार आहेत, त्याबद्दल सिरिल बोलत होता आणि मी मान हलवत होतो. ऊनाला सांगितलं असतं तर तिने तो दोष आपल्या डोक्यावर घेतला असता. तिने मला दोनदा विचारलं होतं.

पट्टी भरली. मशीनने माझं नाव विचारलं. मी एल्ड्रेड टाकलं.

घरी येऊन खण उघडला. दुसरा पिवळा पेनड्राइव्ह तिथेच होता, त्याचा रंग अजून थोडा चिकट होता. लावून बघितला. कोरा. बटाटे उकडले, खारा मासा गरम केला, जेवलो, ताट धुतलं.

रविवारी दुपारी रोवेना पडद्यावर आली. चित्र आधीपेक्षा चांगलं दिसत होतं.

"बाबा, दाढी कर," ती म्हणाली. "आणि आईचं ते ऐकलंस का? नाहीतर मला पाठव. नाताळपर्यंत वाट बघणार नाही मी."

"ते गेलं, रोवेना."

"गेलं म्हणजे?"

मी सांगितलं. गुरुवार, खण, रंग, टोपण, सगळं एका दमात. तिच्यामागे तिचा फ्रीज दिसत होता, त्यावर दातांच्या दवाखान्याची चिठ्ठी लावलेली.

"काय काय होतं त्यात?" तिने विचारलं.

"माहीत नाही. मी एकही ऐकलं नव्हतं."

"एकही नाही?"

"नाही."

तिने चेहरा बाजूला वळवला. मग पडदा तसाच चालू ठेवून ती उठून गेली, आणि मी तिच्या फ्रीजकडे बघत बसलो. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"पुढच्या रविवारी येते मी पडद्यावर," ती म्हणाली. "दाढी कर."

"करतो."

ती गेल्यावर मी पडवीतून पांढऱ्या रंगाचा डबा आणला. झाकण सुकून बसलं होतं, सुरीने उचकटलं. दोन्ही पेनड्राइव्ह वर्तमानपत्रावर ठेवले. एकात ऊनाची सिस्टम, दुसऱ्यात काहीच नाही. ज्याला खाचांचं टोपण होतं त्या पेनड्राइव्हवर हिरव्या कडीखाली एक बारीक पांढरी कडी काढली. एका जागी ती जाड झाली. वाळायला खिडकीत ठेवला. दुसरा खणात टाकला, कात्रीजवळ.