खिळ्याखालची कमान

शिक्षकांच्या खोलीत दाराच्या उजव्या बाजूला, डोक्याच्या उंचीवर एक खिळा होता. त्याच्याखाली भिंतीच्या फिकट हिरव्या रंगावर कमानीसारखी एक रेघ उमटली होती. बोटभर रुंद, उजवीकडे जरा जास्त खोल. प्रयोगशाळेची किल्ली त्या खिळ्याला अडकवली की ती थोडी झुलायची आणि मग स्थिर व्हायची. बहुतेक माणसं किल्ली उजव्या हाताने आणि घाईत अडकवतात, म्हणून झीज उजवीकडे जास्त. कुणीही मुद्दाम न काढलेली रेघ होती ती.

सुल्मा तेचेरा भौतिकशास्त्र शिकवायची. लोलकाचा धडा आला की ती मुलांना ओळीने त्या खिळ्यापाशी आणायची. पण ती रेघ तिने खरी नीट पाहिली ती किल्ली तिथून गेल्यावर. मधल्या काळात खोलीला नवा रंग लागला, रंगाऱ्याने खिळ्यावरूनही ब्रश फिरवला. तरी दुपारचं तिरपं ऊन भिंतीवर आलं की कमान रंगाखालून दिसायचीच.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी ग्लादिसच्या गाडीत बसल्यावर तिला तीच कमान आठवत होती. गाडी पासो ओंदोहून जिल्ह्याच्या गावाकडे निघाली होती. काचा खाली, वारा तापलेला, दोन्ही अंगांना वाळलेली कुरणं, तारेच्या कुंपणापाशी सावली शोधणाऱ्या गाई. सुल्माच्या मांडीवर थर्मास होता आणि हातात येर्बाचं, म्हणजे नळीने ओढायच्या कडू चहाचं, भोपळ्याचं भांडं. ती गरम पाणी ओतायची, नळी ग्लादिसकडे वळवून भांडं द्यायची, रिकामं परत घ्यायची, मग स्वतःसाठी ओतायची. दरवर्षी हा रस्ता दोघींनी असाच कापला होता.

"अगं, किती उकळलंस पाणी! जीभ भाजली माझी," ग्लादिस म्हणाली.

"कोमट असलं की गाईच्या लाळेसारखं लागतं, असं तूच म्हणायचीस."

"ते मुख्याध्यापिका होण्याच्या आधी. आता जीभ नाजूक झालीय."

दोघी हसल्या. सुल्माला त्याचंच जास्त वाईट वाटलं. हसणं अजून जुनंच होतं.

त्या दिवशी तासांची निवड होती. उन्हाळी सुट्टी संपता संपता जिल्ह्यातले विज्ञानाचे सगळे शिक्षक एका दालनात जमायचे. ज्येष्ठतेप्रमाणे नाव पुकारलं जायचं. ज्याचं नाव येईल त्याने पुढे टेबलापाशी जाऊन, कुठल्या शाळेचे तास घेणार ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. मग कारकून फळ्यावरचे तेवढे तास पुसून टाकायचा. एकदा तोंडातून निघालेलं वर्षभर बदलत नसे. सुल्माचं नाव यादीत बरंच वर होतं; हवी ती शाळा तिला मिळाली असती. ती आजवर पासो ओंदोच, म्हणजे आपलीच शाळा, म्हणत आली होती. गेली दोन वर्षं ती घरून दुसरं नाव ठरवून निघाली होती, आणि टेबलापाशी पोचल्यावर पुन्हा पासो ओंदोच म्हणाली होती.

ग्लादिस पूर्वी रसायनशास्त्र शिकवायची. एकाच प्रयोगशाळेत, एकाच लांब ओट्याच्या दोन टोकांना दोघींनी पंधराएक वर्षं काढली होती. ती मुख्याध्यापिका झाली तेव्हा शिक्षकांनी नदीकाठी विस्तव पेटवून मांस भाजलं, उशिरापर्यंत गाणी म्हटली. आपलं माणूस खुर्चीवर बसलं, असंच सगळ्यांना वाटलं. आणि तिने कामही केलं. गळकं छप्पर दुरुस्त करून घेतलं. लांबच्या मळ्यांवरच्या मुलांसाठी बस मिळवली. तपासनीस आला की ती शिक्षकांच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहायची.

मग पहिल्याच वर्षी, हिवाळ्यात, प्रयोगशाळेतली पितळी वजनांची पेटी नाहीशी झाली.

ग्लादिस कुणावर ओरडली नाही. एका सकाळी खिळा रिकामा दिसला, एवढंच. किल्ली तिच्या ड्रॉवरमध्ये गेली होती. ज्याला प्रयोगशाळा हवी त्याने तिच्या दारावर टकटक करायची, कुठला वर्ग, कुठला प्रयोग ते सांगायचं, संपलं की किल्ली तिच्या हातात आणून द्यायची. "थोडे दिवस गं," ती सुल्माला म्हणाली. "उद्या काही झालं तर जबाब मलाच द्यायचाय." सुल्माला ते पटलं. म्हणजे, पटलं असं ती म्हणाली.

त्याच आठवड्यात ग्लादिसच्या स्वयंपाकघरात बसलेल्या असताना सुल्माने एक गंमत सांगितली. जीवशास्त्राचा मिल्तोन शनिवारी मायक्रोस्कोप घरी नेतो आणि लहान मुलीला डबक्याच्या पाण्यातले प्राणी दाखवतो. मुलीने त्यांना नावंसुद्धा ठेवलीत. ग्लादिस मनापासून हसली. सोमवारी मिल्तोनला तिने आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

मायक्रोस्कोपचं त्याने शाळेत फक्त सुल्माला सांगितलं होतं.

तो तिला काहीच म्हणाला नाही. कुणीच काही म्हणालं नाही. मधल्या सुट्टीत येर्बाचं भांडं फिरायचं तेव्हा सुल्माची पाळी कधी चुकली नाही. उलट तिच्यासाठी पाणी जरा जपूनच ओतलं जायचं, पाहुण्याला ओततात तसं. फक्त ती दारातून आत आली की बोलणं पावसावर जायचं. नाहीतर फुटबॉलवर. ताजव्याचा काटा मुळातच शून्यावर नसेल तर पुढचं प्रत्येक माप तेवढ्यानेच चुकतं, आणि सगळी मापं एकमेकांशी जुळतात म्हणून चूक लक्षात येत नाही. हे ती मुलांना दरवर्षी सांगायची.

वसंतात पेटी सापडली. शेतकी शाळेत होती. ग्लादिसनेच, अजून रसायनशास्त्र शिकवत होती तेव्हा, त्यांना उसनी दिली होती आणि विसरून गेली होती. तिने हे फक्त सुल्माला सांगितलं, कपाळावर हात मारून. "कसली वेंधळी मी! पण कुणाला बोलू नकोस हं. आत्ताच कुठे जरा शिस्त लागलीय." पेटी गुपचूप कपाटात गेली. किल्ली खिळ्यावर आली नाही. आणि सुल्मा बोलली नाही. योग्य वेळ येऊ दे, असं तिने स्वतःला सांगितलं. पुढच्या फेब्रुवारीत मिल्तोनने ला कुचियाची शाळा निवडली आणि तो गेला.

"यंदा तुझे शुक्रवार मोकळे ठेवलेत," ग्लादिस म्हणाली. गाडी पुलावर चढत होती. "वेळापत्रक करताना पहिलं तुझंच नाव घातलं."

"आणि शुक्रवार कुणाच्या गळ्यात?"

"आहे ना ती नवी पोरगी, गणिताची. तिला काय, तरुण आहे."

सुल्माने भांड्यात पाणी ओतलं. ते नळीपाशी फेसाळलं आणि खाली गेलं.

"ग्लादिस, किल्ली परत खिळ्यावर लाव."

"काय?"

"प्रयोगशाळेची. जिथे होती तिथे."

"बाई गं! तीन वर्षांनी आज आठवलं तुला?"

"रोज आठवतं."

ग्लादिसने गाडीचा वेग वाढवला. पुढे लाकडांनी भरलेला ट्रक होता. तिने तो ओलांडला. मग डाव्या हाताने चाक धरून उजव्या हाताने पर्स उघडली, आत चाचपडली आणि सुल्माच्या मांडीवर काहीतरी ठेवलं.

नवी कोरी किल्ली होती. दात्यांवर अजून पितळेचा कीस चिकटलेला.

"तुला सांगणारच होते," ग्लादिस म्हणाली. तिचा आवाज खरोखर मऊ झाला होता. "खास तुझ्यासाठी करून घेतली. तुला माझ्या दाराशी उभं राहावं लागतं ते मला तरी बरं वाटतं का? हवं तेव्हा उघड, हवं तेव्हा बंद कर. बाकीच्यांना दाखवू नकोस म्हणजे झालं."

सुल्माने किल्लीकडे पाहिलं. ग्लादिस खोटं बोलत नव्हती, हे तिला दिसत होतं. तिच्याजवळ देण्यासारखं जे सगळ्यात मोठं होतं ते तिने दिलं होतं.

"आवडली नाही?"

"चांगली केलीय," सुल्मा म्हणाली.

"मग चेहरा असा का? तू ना, जन्मात खूश व्हायची नाहीस. दे, येर्बा दे."

सुल्माने भांडं दिलं.

दालनात पंखे फिरत होते आणि कुणालाच वारा लागत नव्हता. बायका हातातल्या कागदांनी वारा घेत होत्या. बहुतेकांच्या काखेत थर्मास. ग्लादिस दाराशीच दुसऱ्या शाळांच्या मुख्याध्यापकांत अडकली. आपल्या शाळेचे तास कोण घेतंय ते बघायला तेही येत. सुल्मा मागच्या रांगेत गेली. तिथे मिल्तोन बसला होता. जरा जाड झाला होता.

"या बाई, बसा. ही रिकामीच आहे," तो म्हणाला. "का पुढे बसायची आज्ञा आहे?"

"गप रे."

"विचारलं आपलं. सरकारी गाडीतून उतरताना पाहिलं तुम्हाला."

"तिची स्वतःची गाडी आहे ती. आणि माझ्या बाजूचं दार आतून उघडत नाही."

"मग बरोबर. दार आतून उघडत नसेल तर माणूस बसूनच राहतं." तो हसला, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसू आवरलं. "हातात काय आहे?"

तिने मूठ उघडली. दात्यांचे वळ तळव्यावर उठले होते.

"अरे वा! बढती!"

"तुझी मुलगी कशी आहे?"

"उंच झालीय. अजून विचारते, डबक्यातले प्राणी कुठे गेले म्हणून. मी सांगतो, मोठ्या बाईंच्या ड्रॉवरमध्ये आहेत, टकटक केल्याशिवाय बाहेर येत नाहीत."

पुढे एक नाव पुकारलं गेलं. कुणीतरी उठलं, काहीतरी म्हणालं, फळ्यावरून एक ओळ पुसली गेली.

"मिल्तोन, ती वजनं सापडली होती," सुल्मा म्हणाली. हे ती इतक्या वेळा मनात बोलली होती की आता शब्द कोरडे निघाले. "तू जायच्या आधीच. ग्लादिसनेच ती शेतकी शाळेला दिली होती. मला माहीत होतं."

मिल्तोनने खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली.

"मलाही माहीत होतं. माझी मेव्हणी तिथे स्वयंपाकाला आहे. पेटी परत न्यायला गाडी आली, त्या रात्रीच आमच्या घरी कळलं."

"मग तू का नाही बोललास?"

"मी कशाला बोलू? माझ्यावर संशय होता. मी बोललो असतो तर ती स्वतःचीच वकिली झाली असती." तो सहज बोलत होता, जुन्या तापाविषयी बोलावं तसं. "निवडीच्या दिवशी इथेच बसलो होतो. तुम्ही दोन रांगा पुढे. म्हटलं, बाईंनी एकदा मागे वळून पाहिलं तर पासो ओंदो म्हणायचं. कसलं ते पोरकट! पण म्हटलं होतं खरं."

सुल्माला तो दिवस आठवत होता. मागे मिल्तोन बसलाय हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तिने मान वळवली नव्हती.

"मला वाटलं होतं, योग्य वेळ येईल," ती म्हणाली.

"येते की. बसने येते, उशिरा." मग तो थोडं कलून म्हणाला, "आमच्याकडे प्रयोगशाळा नाही, हे आधीच सांगतो. एक कपाट आहे. कुलूप नाही, कारण दारच बसत नाही. मुलं बरी आहेत."

"मी तुला काही विचारलं का?"

"नाही. मी सांगितलं आपलं."

तिच्या डोळ्यांपुढे तो लांब ओटा आला. खिडकीपाशी तिने स्वतः बसवलेले लोलक, प्रकाशाच्या प्रयोगासाठी काळ्या रंगवलेल्या काचा, मुलांनी कोरलेली नावं. किती वर्षं त्या खोलीला तिने स्वतःची म्हटलं होतं. आता ती खोली तिने मुठीतल्या किल्लीने उघडली असती. एकटीसाठी. आणि बाकीच्यांनी दाराशी उभं राहून टकटक केली असती, आणि त्यांना ऐकू आलं असतं की आत सुल्मा आहे.

हे सगळं त्या पहिल्या सकाळी, खिळा रिकामा दिसला तेव्हा, दोन वाक्यांत निपटलं असतं. तेव्हा ग्लादिस ऐकायची.

"तेचेरा, सुल्मा. भौतिकशास्त्र."

ती उठली. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने जाताना लोकांनी पाय आत घेतले. दाराशी ग्लादिस काखेत थर्मास धरून उभी होती. तिने मान हलवून हसून पाहिलं, दरवर्षी पाहायची तसंच. मग शेजारच्या मुख्याध्यापकाला काहीतरी सांगितलं, बहुधा ही आमची म्हणून. सुल्मा वाट सोडून तिच्याकडे गेली. तिचा हात धरला, तळवा उघडला आणि किल्ली त्यात ठेवली. ती मुठीत राहून गरम झाली होती. ग्लादिस किल्लीकडे पाहत राहिली. तिचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं.

"बाई, लवकर. उकाडा आहे," कारकून म्हणाला.

सुल्मा टेबलापाशी गेली. फळ्यावर पासो ओंदो वरच होतं, चांगल्या ठसठशीत अक्षरात. तिने नाव घेतलं, पण आवाज ओठांपलीकडे गेला नाही.

"मोठ्याने बोला. मागे ऐकू जात नाही."

सुल्माने टेबलावर दोन्ही हात टेकले. या वेळी तिने मान वळवली, आधी दाराकडे, मग मागच्या रांगेकडे.

"ला कुचिया," ती म्हणाली. "सगळे तास."